वांग्याच्या रंगाचा खेकडा

मिनाकुची दुकानात शिरले की "कसं काय, बरं आहे ना" वगैरे सगळं नंतर. आधी नाक वर. दोन लांब श्वास. मग डोळे मिटून एकच प्रश्न, "वास कसला आला होता?"

हा प्रश्न बाजारगल्लीतल्या प्रत्येकाला त्यांच्याच आवाजात म्हणता यायचा. होरी तर हुबेहूब करायचे. होरींनी जन्मभर ओसाकाच्या बंदरावर क्रेन चालवली होती, आणि आता ते 'कामोमे' कॉफीघरात थंड कॉफीचा एकच पेला सकाळपासून दुपारपर्यंत पुरवायचे. मान मागे टाकून, नाकपुड्या फुगवून, विहिरीतून आल्यासारखा आवाज काढून ते म्हणायचे, "वाऽऽस कसला आला होता, मावशी?" आणि कॉफीघराच्या मालकीण त्सुरुयो, ज्यांना सगळी गल्ली मावशी म्हणायची, त्या काउंटरमागून उत्तर द्यायच्या, "तुमच्या मोज्यांचा!"

मिनाकुचींना याचं काही वाटायचं नाही. प्रश्न खराच होता. नाणं टाकून खेळायच्या जुन्या यंत्रांचे पडदे ते दुरुस्त करायचे, आणि पडदा बिघडला की लोक नुसते हातवारे करतात. "चित्र असं झालं, असं असं, मग फुस्स!" त्या फुस्समधून काय कळणार? पण शिळ्या माशाचा वास आला असेल, तर आतले कपॅसिटर गळालेत. जळक्या रबराचा आला असेल, तर जास्त दाबाच्या तारेकडे बघायचं. वास नाही, आवाज नाही आणि सगळं चित्र मिटून मधोमध एक पांढरी आडवी रेघ उरली, म्हणजे कुठेतरी सोल्डरला केसाएवढा तडा गेलाय. मग ते यंत्राच्या पाठीमागे जाऊन बसायचे, समोर खुर्चीवर आरसा उभा करायचे आणि आरशात चित्र बघत बघत लाकडी काडीने एकेक जोड हलकेच टोचायचे. डावा हात पँटच्या मागच्या खिशात. यंत्र चालू असताना दोन्ही हात आत घातले आणि विजेने एका हातातून दुसऱ्या हातात जायचं ठरवलं, तर वाटेत काळीज लागतं. सत्तेचाळीस वर्षं तो हात खिशात जाऊन जाऊन त्या खिशाला हाताचा आकार आला होता.

विशीत ते टीव्हीच्या कारखान्यात सोल्डर लावायचे. मग नाण्याच्या खेळांचे दिवस आले, एकेका गल्लीत चाळीस चाळीस यंत्रं उभी राहिली, आणि मिनाकुची छोटी टेम्पोगाडी घेऊन दिवसाला नऊ नऊ पडदे उठवू लागले. आता सगळ्या शहरात मिळून त्यांची अकरा यंत्रं उरली होती. दहा उभी. अकरावं कामोमेतलं तीन नंबरचं टेबल.

ते खरोखरच टेबल होतं. वर जाड काच, काचेखाली पडदा आकाशाकडे तोंड करून झोपलेला. लोक त्याच्यावर बशी ठेवून अंड्याचं सँडविच खायचे आणि बशीच्या खालून लाल खेकडा जिने चढत जायचा. वाळू पिवळी, समुद्र निळा, खेकडा लाल. पंचवीस जिने चढला की समुद्रात उडी, की पुन्हा पहिला जिना. तीस-पस्तीस वर्षं त्या खेकड्याला याहून वेगळं काही सुचलं नव्हतं आणि गल्लीलाही त्याच्याकडून वेगळं काही नको होतं.

मिनाकुचींची मुलगी चिनात्सु निईगाताला असायची. तिथे बर्फ कमरेएवढा पडतो. तिने वडिलांसाठी तळमजल्यावर एक खोली तयार ठेवली होती, उंबरा नाही, पायरी नाही, न्हाणीघरात धरायला दांडा. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. मुलीच्या फोनवर मिनाकुचींचे शब्द ठरलेले, "हं. हं. बरं." मुलगी बोलत असायची आणि यांच्या हातात एखादी सर्किटपाटी असायची.

"बाबा, तुमची पाठ कशी आहे?"

"हं."

"जिना चढताना दुखते ना?"

"हं, बरं."

"बाबा, मी काय विचारलं?"

"तू विचारलंस की... जेवलो का. जेवलो."

नऊ वर्षांपूर्वी तिने फार लावून धरलं तेव्हा मिनाकुची ऐटीत बोलून गेले होते, "ज्या दिवशी एखादं चित्र मला हरवेल, त्या दिवशी पेटी उचलून तुझ्याकडे येतो. शब्द दिला." मुलगीही त्यांचीच. तिने तो शब्द घट्ट धरून ठेवला. तेव्हापासून दर रविवारी फोन ठेवताना विचारायची, "काय, हरवलं का कोणी?" आणि मिनाकुची खदखदून हसायचे. "मला? हॅ!"

आणि मग सप्टेंबरच्या शेवटी, मिनाकुची नेहमीची तपासणी करून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तीन नंबरच्या टेबलावर डाग पडला.

मावशींनी फोनवर सांगितलं ते असं, "अहो मिनाकुचीसान, आपला खेकडा डाव्या कोपऱ्यात गेला की वांगं होतोय!"

"वास?"

"वांग्याला कसला वास!"

मिनाकुची येऊन बघतात तो खरंच. पुढच्या डाव्या कोपऱ्यात, खेळणारा बसतो त्या बाजूला, हाताच्या पंजाएवढा जांभळा डाग. पिवळी वाळू तिथे शेवाळासारखी, निळा समुद्र तिथे जांभळा, आणि खेकडा त्यात शिरला की वांगं. मिनाकुची हसले. हे तर पोरखेळाचं काम. कुठलं तरी चुंबक पडद्याजवळ आलं होतं. पडद्याच्या आत लोखंडाची बारीक जाळी असते, तिला चुंबकाची बाधा झाली की रंग चुकीच्या घरात शिरतात. उतारा त्यांच्या गाडीत होता: तांब्याच्या तारेची, सायकलच्या चाकाएवढी कडी.

कडी काढायची म्हणजे कामोमेत एक सोहळाच असायचा. सगळ्यांनी घड्याळं काढून बिस्किटांच्या डब्यात टाकायची, बँकेची कार्डं मावशींच्या फ्रिजमध्ये, अंड्यांशेजारी. मग मिनाकुची कडीचं बटण दाबायचे, ती घूंऽऽ करायची, आणि ते पडद्यावर हळूहळू गोल गोल फिरवत, फिरवत, उलट पावली मागे सरायचे. बटण मध्येच सोडायचं नाही, घाई करायची नाही, नाहीतर जुना डाग जाऊन नवा पडतो. कामोमे अरुंद. त्यामुळे मागे सरता सरता मिनाकुची दारातून बाहेर गल्लीत जायचे, दोन्ही हातांत घूं करणारी कडी धरून, कमरेत किंचित वाकलेले, जणू टेबलाला लवून निरोप देताहेत. होरी गल्लीत उभे राहून सायकली थांबवायचे. "थांबा, थांबा! डॉक्टर उलटे येताहेत!"

"गेला!" मावशी आतून ओरडल्या. "लाल झाला!"

मिनाकुची आत आले, काच उघडीच होती, नेहमीच्या जागी टेबलाच्या कडेवर पोट टेकवून शेवटची नजर टाकायला वाकले.

डाग होता.

"गेला होता हो," मावशी म्हणाल्या. "माझ्या देखत गेला होता."

मिनाकुची ताठ झाले. डोळे बारीक करून त्यांनी सगळ्या कॉफीघरावर नजर फिरवली आणि पोलिसी आवाजात विचारलं, "चुंबक कोणाकडे आहे?"

त्या दिवशी झडती झाली. होरींचा खिशातला रेडिओ सापडला. "यात लाउडस्पीकर आहे, लाउडस्पीकरात चुंबक आहे, आणि तू तो टेबलावर ठेवतोस! क्रेन चालवायचास की बैलगाडी?" रेडिओची रवानगी छत्र्यांच्या घडवंचीत. पदार्थांची यादी ज्या चुंबकांनी फ्रिजवर लावली होती ती चुंबकं गेली. शेवटी त्यांनी मावशींकडे बोट केलं.

"मावशी, खांद्यावर काय लावलंय?"

मावशींनी पदर नसूनही पदर सावरावा तसा हात खांद्यावर नेला. खांदे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, मसुराएवढं चुंबक असलेल्या चिकटपट्ट्या त्यांनी लावल्या होत्या. अर्धी गल्ली लावायची.

"काढा."

"मिनाकुचीसान, सहा आहेत!"

"सहाही काढा. काय हा अडाणीपणा! आपण अंगावर काय घालतो ते माणसाला कळायला नको?"

मावशींनी स्वयंपाकघरात जाऊन सहाही काढल्या आणि त्या दिवशीचं सँडविच मिनाकुचींपुढे जरा आपटूनच ठेवलं. त्यात भर म्हणजे काचेचा एक स्क्रू हरवला. चार काढले होते, बशीत तीनच. मिनाकुची गुडघ्यांवर रांगून आले, नाही मिळाला. घरी गेल्यावर कपडे बदलताना तो टुण्णकन चटईवर पडला. खिशातून पडला असेल, असं म्हणून त्यांनी तो पेटीत टाकला.

दहा दिवसांनी पुन्हा. पडदा चालू होताना आतली जी वेटोळी आपोआप डाग पुसते, तिचा एक भाग थकलाय असं म्हणून त्यांनी तो बदलला. पुन्हा घड्याळं डब्यात, कार्डं अंड्यांशेजारी, डॉक्टर उलटे गल्लीत. "गेला!" आत येऊन वाकले. डाग. मागच्यापेक्षा गडद. पुन्हा एक स्क्रू कमी.

मिनाकुचींनी बोटांवर मोजलं. चुंबक नाही, वेटोळी नाही, म्हणजे उरलं एकच. पिक्चर ट्यूबच्या आतली ती बारीक जाळीच वाकली असणार. तसं असेल तर त्यावर जगात औषध नाही, आणि तशी ट्यूब आता कोणी बनवतही नाही. डाग जागेवरून हलला असता तर त्यांना तेव्हाच उमगलं असतं. पण डाग कसा हलणार? मिनाकुचींनी सत्तेचाळीस वर्षांत वाकायची बाजू बदलली नव्हती.

त्या रविवारी चिनात्सुने विचारलं, "काय, हरवलं का कोणी?"

मिनाकुची हसले नाहीत. "हं," म्हणाले. आणि पहिल्यांदाच तिला तो न जाणारा डाग सांगितला.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी, सकाळची गर्दी ओसरल्यावर, ते कामोमेत आले. नाक वर केलं नाही. वासाचं विचारलं नाही. होरींनी "वाऽऽस" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

"मावशी," मिनाकुची खुर्चीवर बसत म्हणाले, "आज शेवटचं बघतो. नाही गेला तर ट्यूब संपली समजा."

"मग राहू दे की डाग. मला वांगं आवडतं."

"तसं नाही. मी मुलीला शब्द दिलाय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. खोली, दांडा, नऊ वर्षं. "म्हणजे मग पुढच्या महिन्यात मी निईगाताला."



होरी म्हणाले, "तिला कोण सांगणार आहे? आम्ही सगळे म्हणू डाग गेला. मी तर शपथेवर सांगेन. मला तसंही डाव्या डोळ्याने दिसत नाही."

"मला दिसतो ना पण," मिनाकुची म्हणाले.

"मग तू पण तिकडे बघू नकोस! सत्तेचाळीस वर्षं बघितलंस, पुरे झालं!"

"होरीसान, गप्प बसा," मावशी म्हणाल्या. त्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला आणि सगळ्यांत आधी स्वतःचं घड्याळ त्यात टाकलं. "करा. नीट करा. मी दिवाही बंद करते, म्हणजे बरोबर दिसेल."

चार स्क्रू निघाले. बशीत टणटण चार आवाज झाले, मावशींनी मोजले. काच वर झाली. मिनाकुचींनी कडेला पोट टेकवून आतले सगळे जोड एकदा तपासले, एका हाताने, दुसरा खिशात. मग कडी घूं करू लागली. इतके हळू ते कधीच मागे सरले नव्हते. टेबल, दुसरं टेबल, काउंटर, दार. गल्लीत होरींनी एक सायकल, एक हातगाडी आणि एक नाराज बाई थांबवून धरली. "दोन मिनिटं, बाई. इथे एका माणसाचा मुक्काम ठरतोय."

"गेला!" मावशी आतून म्हणाल्या. आज त्या ओरडल्या नाहीत.

मिनाकुची आत आले. वाकले. आणि वाकलेलेच राहिले.

"आला," ते म्हणाले.

मिनाकुचींनी सरळ होऊन यंत्राच्या आत चिकटवलेलं पिवळं कार्ड खेचून काढलं. त्यांच्या प्रत्येक यंत्रात असं कार्ड असायचं: तारीख, दोष, उपाय. पेन्सिल कानामागून काढली, तारीख घातली, 'दोष' या शब्दापुढे थांबले, आणि उगाच काहीतरी करायचं म्हणून बशीतले स्क्रू मोजले.

"तीनच आहेत."

"चार टाकलेत तुम्ही," मावशी म्हणाल्या. "मी कानांनी मोजलेत." त्या विजेरी घेऊन टेबलाखाली शिरल्या. फरशी बघितली, खुर्चीचे पाय बघितले, आणि बाहेर येता येता विजेरीचा झोत मिनाकुचींच्या पोटावर पडला.

शर्टावर, बेंबीच्या जरा डावीकडे, स्क्रू उभा होता. खिसा नाही, भोक नाही, धागा नाही. नुसता उभा.

"मिनाकुचीसान, हलू नका."

"का? पाल आहे?"

मावशींनी दोन बोटांनी स्क्रू ओढला. आला. सोडला, तर तो टुणकन उडी मारून पुन्हा पोटावर. त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. टक्. मग त्यांनी अंबाड्यातली एक पिन काढून जवळ नेली. टक्. दुसरी. टक्.

"मिनाकुचीसान," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आत काय घातलंय?"

"काही नाही. पोटपट्टा. सगळे घालतात तसा."

"कोणी दिला?"

"चिनात्सुने. ज्येष्ठांच्या सणाला. सप्टेंबरात. पाठीला ऊब..." आणि मिनाकुचींचं वाक्य तिथेच तुटलं. त्यांचा हात पोटावर गेला आणि लोकरीच्या आत शिवलेले ते गोल गोल कडक ठिपके त्यांनी पहिल्यांदा बोटांनी मोजले. पट्ट्याच्या खोक्यात कागद होता. बारीक अक्षरांचा. चष्मा वरच्या मजल्यावर होता म्हणून तो त्यांनी वाचला नव्हता. फोनवरही ती काहीतरी सांगत होती, आणि हे म्हणत होते, हं, हं, बरं.

ते स्वयंपाकघरात गेले. पट्टा हातात घेऊन बाहेर आले, शर्ट अर्धा आत, अर्धा बाहेर. काही न बोलता त्यांनी पट्टा पडद्यावर धरला. उजव्या कोपऱ्यात नेला, तर उजवीकडे वांगं. मध्ये आणला, तर मध्ये. जिथे पट्टा तिथे खेकडा आपला शहाण्यासारखा रंग बदलत जिने चढत होता.

"बारा," मिनाकुची पुटपुटले. "बारा चुंबकं."

होरींनी दारातूनच सगळं पाहिलं होतं. गल्लीतली नाराज बाईही आत डोकावत होती. होरी दोन पावलं पुढे आले, ताठ झाले, डोळे बारीक केले, आणि मिनाकुचींच्या पोलिसी आवाजात, एकेक अक्षर चावून म्हणाले, "चुंबऽक कोणाकडे आहे?"

आधी मावशी फुटल्या. मग ती बाई, जिला काहीच ठाऊक नव्हतं. मिनाकुची हसले नाहीत, हसले नाहीत, आणि मग असे हसले की पाठ धरून खुर्चीवर बसावं लागलं.

"काय हा अडाणीपणा," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "आपण अंगावर काय घालतो ते माणसाला कळायला नको? सहा काढायला लावल्यात माझ्या, सहा!"

"माफ करा, मावशी."

"माफी नंतर. आधी कडी."

पट्टा गल्लीच्या पलीकडे भाजीवाल्याकडे ठेवला. कडी फिरली, डॉक्टर उलटे गेले, सरळ आले, वाकले. लाल. पिवळं. निळं. त्यांनी डावीकडून बघितलं, मग जन्मात पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन तिकडूनही बघितलं. लालच.

कार्डावर त्यांनी 'दोष' या शब्दापुढे लिहिलं: मिनाकुची. 'उपाय' पुढे लिहिलं: पट्टा काढला. आणि चारही स्क्रू घट्ट केले.

रविवारपर्यंत थांबवेना त्यांना. मावशींच्या काउंटरवरच्या फोनवरून लावला. कामोमेतले सगळे आपापल्या पेल्यात बघत कान टवकारून बसले.

"चिनात्सु, तो डाग गेला."

"कसा?"

मिनाकुचींनी सांगितलं.

"मी सांगितलं होतं बाबा. मी म्हटलं होतं, त्यात चुंबकं आहेत, पाठीला चांगली असतात. तुम्ही म्हणालात, हं बरं."

"हो. ऐकलं नाही मी."

"म्हणजे चित्राने नाही हरवलं तुम्हाला."

"नाही."

"आणि मी तिकडे दोन आठवडे खोलीला पडदे शिवतेय." ती हसत होती की रडत होती ते काउंटरपर्यंत नीट येईना. "पाठ दुखते म्हणून मी पट्टा पाठवते, आणि तुम्ही तोच काढून ठेवता. आता पाठीचं काय?"

मिनाकुची "हं" म्हणणार होते. तोंड तसं झालंही होतं. पण त्यांनी ते आवरलं, खुर्ची ओढली, बसले, आणि हातातली पेन्सिलसुद्धा खाली ठेवली.

"दुखते," ते म्हणाले. "जिना चढताना जास्त. सकाळी वाकता येत नाही. सांग, आणखी काय विचारणार होतीस? सगळं विचार. आणि नवीन वर्षाला मी येतो. दहा दिवस. पडदे कसले शिवलेस, रंग कोणता?"

ते संभाषण इतकं लांबलं की मावशींनी सँडविच आणून ठेवलं, ते गार झालं, आणि होरींनी ते अर्धं खाल्लं.

त्यानंतर कामोमेच्या दाराबाहेर एक लाकडी खुंटी आली. मिनाकुची आले की उंबऱ्यातच थांबतात, शर्टाखाली हात घालतात, पट्टा सोडून खुंटीला लावतात आणि मग आत येतात. जाताना पुन्हा बांधतात, कारण पाठ खरीच दुखते आणि पट्ट्याने खरीच बरी वाटते. मधल्या वेळात येणारा-जाणारा त्याला काहीबाही चिकटवून जातो. मावशींच्या पिना, भाजीवाल्याचे चिमटे, एकदा तर होरींनी चमचा लावला होता. मिनाकुची ते सगळं एकेक करून काढतात, ज्याचं त्याला देतात. मग नाक वर करतात.

"वास कसला आला होता?"

"तुमच्या पाठीला लावायच्या मलमाचा!" आतून मावशी म्हणतात.